लिंबापलीकडचे

“हौशा, सांगून ठेव त्यांना. मोरीचं पाणी पुन्हा आपल्या कडब्याखाली येऊन राह्यलंय. कडबा कुजला तर खाशील काय तू? कोर्टाचे कागद?”

मी भिंतीच्या अलीकडं भांडी घासत होते. हात राखेतच थांबला. हौशा म्हणजे बैल. बोलणारे माझे भाया कडूबा, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि ‘त्यांना’ म्हणजे आम्हाला. भाया असं बोलायला लागले की मी पदर डोक्यावर घेते, मध्ये भिंत असली तरी. भायाशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. पण बैलाशी बोलायला कुणाची हरकत नसते. म्हणून मीही भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “हौशा, सांगते बरं मी घरात.”

पलीकडं हौशानं नाक फुरफुरवलं. निरोप पोचला.

हे ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. इस्तरीचा शर्ट, खिशाला पेन, केस पाणी लावून चापून बसवलेले. तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून यांनी सगळी नोकरी काढली, मागच्या वर्षी रिटायर झाले, आणि आम्ही गावी येऊन आपल्या हिश्श्यात दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या. पण यांचं अंग अजून कोर्टातून बाहेर आलं नव्हतं. रोज कोर्टाच्या वेळेला तयार होऊन ओट्यावर बसायचे. यायचं कुणी नाही. एखादं कोंबडं यायचं, तर त्याच्याकडंही हे चष्म्याच्या वरून असे बघायचे की ते बिचारं पुढची तारीख घेऊन परत जायचं.

“मोरीचं पाणी कडब्याखाली जातंय म्हणे,” मी म्हणाले.

हे उठले, अंगणातल्या लिंबापाशी गेले आणि खोडाला म्हणाले, “मिस्त्रीला निरोप दिलेला आहे. या आठवड्यात काम होईल.”

यांच्याकडं बैल नाही. हे लिंबाला सांगतात.

हा कडुलिंब सासऱ्यांच्या, रखमाजींच्या हातचा. वाटणी झाली तेव्हा भिंत बरोबर त्याच्यावर आली, आणि गवंड्यानं खोड मध्ये घेऊन भिंत दोन्हीकडून येऊन टेकवली. तेव्हापासून भाया आमच्या घरात ‘लिंबापलीकडचे’, आणि त्यांच्या घरात आम्ही ‘लिंबापलीकडचे’. सगळं गावही तसंच बोलायला लागलं. कुणी कोणत्या अंगणात उभं राहून बोलतंय ते बघायचं आणि माणूस ओळखायचा. ‘तुमचा भाऊ’ असं या दोघांपैकी एकाच्याही तोंडावर कुणी म्हणायचं नाही. एकदा एक नवा पोस्टमन म्हणाला, तर आमच्या ह्यांनी त्याच्याकडून टपाल घेतलं आणि आत गेले. तो उन्हात तसाच उभा.

कुणी विचारलंच तर गाव सांगायचं, मोरीवरून वाद आहे. मोरी मागच्या वर्षी बांधलेली. अबोला तिच्याहून कितीतरी म्हातारा. पण गावाला हाताशी एक कारण लागतं, आणि मोरी समोरच होती.

आम्हा दोघी जावांचं मात्र काही नव्हतं. आम्हाला कुणी भांडायला सांगितलंच नव्हतं. जाऊबाई गोजरबाई भिंतीवरून ताक द्यायच्या, मी लोणचं द्यायचे. वाट्या इकडच्या तिकडं इतक्या गेल्या की आता कोणती कुणाची ते दोघींनाही सांगता येत नाही.

तर त्या साली, दोन हजार सातला, सरकारनं तंटामुक्त गावाची मोहीम काढली. गावातले तंटे गावातच मिटवायचे, उठून पोलिसात आणि कोर्टात जायचं नाही. त्यासाठी एक समिती, आणि समितीला एक अध्यक्ष, तो ग्रामसभेनं निवडायचा. ज्या कोर्टाच्या भाकरीवर माझा संसार झाला तिथं लोकांनी जाऊ नये म्हणून ही समिती! पण मी गप्प बसले, कारण सरपंच अण्णासाहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले होते आणि ह्यांचे कान लाल झाले होते.

“पुंजारामभाऊ, तुमच्याइतकं कोर्ट गावात कुणी पाह्यलंय?” अण्णासाहेब म्हणाले.

“पाह्यलंय बऱ्याच जणांनी,” मी आतून म्हणाले, “पण ते पिंजऱ्यात उभे होते.”

अण्णासाहेब हसले. हे हसले नाहीत. “गावाची इच्छा असेल तर मी नाही म्हणणार नाही,” म्हणाले. इतकं सावकाश म्हणाले की मला कळलं, हे वाक्य त्यांनी सकाळपासून तयार करून ठेवलंय.

त्या दिवसापासून माणूस बदलला. दुपारची भाकरी अर्धी टाकून उठायचे ते दुसरी मागायला लागले. लंगडी खुर्ची सुताराकडून नीट करून आणली. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून विचारायचे, तुमच्या त्या बांधाचं काय झालं, सुनेचं माहेरी जाणं मिटलं का. मी म्हणाले, आज वरणात मीठ जास्त पडलं का हो, तर म्हणाले, “दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी मत देणार नाही.” दुसरी बाजू म्हणजे वरण. मी हसले, आणि मग रात्रभर भिजवलेली मटकी निवडता निवडता मनात आलं, किती वाळून गेला होता हा माणूस या एका वर्षात. याला कुणीतरी हाक मारायला पाहिजे होती. आता मारलीय, तर ती खाली पडू नये.

पण ती पडायची भीती होती, आणि कशामुळं ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या गावाची एक रीत आहे. कोणत्याही मानाच्या कामाला माणूस उभा केला, मग ते देवळाचं असो, सोसायटीचं असो नाहीतर पंचायतीचं, की त्याच्या हातात नारळ द्यायचा तो घरच्या थोरल्यानं. आधी घरचा हात, मग गावाचा. ज्याला घर मानत नाही त्याला गावानं का मानावं, असा त्यातला हिशोब. अण्णासाहेब सरपंच झाले तेव्हा त्यांच्या आजारी चुलत्याला बाजेसकट देवळापुढं आणलं होतं नारळ द्यायला. सासरे जाऊन जमाना झाला. आमच्या घरचा थोरला म्हणजे भाया, कडूबा.

ह्यांनी ही गोष्ट एकदाही तोंडातून काढली नाही. फक्त एका सकाळी म्हणाले, “पिशवी घे. अमरचंदशेटच्या दुकानात जाऊ.”

अमरचंदशेटचे पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून त्यांचं दुकान मारुतीच्या पारासमोर आहे. आष्टीच्या बाजारात जे मिळत नाही ते शेटजींच्या माळ्यावर असतं. अध्यक्षपदाला त्यांचंही नाव काही लोक घेत होते.

“या, या, पुंजारामभाऊ. वहिनी, या. ऐकलं मी. गाव बराबर माणूस निवडून राह्यलंय.”

“तुमचंही नाव आहे म्हणतात,” हे म्हणाले.

“माझं? अहो, दिवसभर गादीवर बसून गावाचे तंटेच तर ऐकतो मी. अध्यक्ष झालो तर साखर कव्हा तोलू? माझं बिलकुल न्हाई. काय देऊ?”

“एक नारळ.”

शेटजींनी टोपलीतून नारळ उचलला, कानाशी हलवला, ठेवला. दुसरा हलवला, ठेवला. मग आत जाऊन एक घेऊन आले आणि तो मात्र दोन्ही हातांनी पुढं केला. “हा घ्या. पाण्यानं भरलाय. असा नारळ कुणाच्या हातानं…”

आणि तिथंच थांबले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती. एकानं गुळाकडं बघितलं, एकानं छताकडं.

“…कुणाच्या हातानं घरी पाठवू?” शेटजींनी गाडी रुळावर आणली.

“पिशवी आणलीय मी,” मी म्हणाले.

ह्यांनी शेटजींचे आभार मानले. नारळ घरी आणून भिंतीतल्या देवळीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा शोध सुरू झाला. कोर्टात म्हणे पूर्वी असं कधी झालं होतं का ते शोधायची पद्धत असते. तशी ह्यांनी गावात चौकशी लावली, की घरच्या थोरल्याऐवजी भावकीतल्या दुसऱ्या कुणी नारळ दिल्याचं कुणाला आठवतं का. आमच्या भावकीत सगळ्यात वयस्कर भुजंगबाबा. हे त्यांच्याकडं गेले. मी मागोमाग डबा घेऊन.

“बाबा, तुम्ही आमच्या वडिलांच्या ठिकाणी,” ह्यांनी सुरुवात केली.

“काय?” बाबा म्हणाले.

“तुम्ही वडिलांच्या ठिकाणी!”

“व्हय, व्हय. जमीन ठणठणीत वाळलीय.”

“नारळ, बाबा! नारळ द्यायचा आहे!”

“काही ऐकू येऊन न्हाई राह्यलं रे बाबा. कान पार गेले.”

मी डब्यातले धपाटे काढून ठेवले आणि हळूच त्यांच्या सुनेला म्हणाले, “तिखट जरा कमी घातलंय.” बाबा लगेच म्हणाले, “कमी कामून घातलं?”

हे उठले. बाबांनी धपाट्याकडंच बघत ह्यांच्या हातावर हात ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही. बोलायचं त्यांच्याही मनात होतं. पण कुणीतरी दुसऱ्यानं बोलावं असं अख्ख्या गावालाच वाटत होतं.

आता खरं काय झालं होतं ते सांगायला पाहिजे. मला ते दोन तुकड्यांत कळलं. एक तुकडा मी स्वतः पाहिला, एक जाऊबाईंनी सांगितला.

आम्ही तालुक्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. कुणाचा तरी बैल चोरीला गेला होता, त्यात भाया साक्षीदार. कोर्ट त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आत आले तर समोर जज्जसाहेबाच्या खुर्चीपुढं, खालच्या अंगाला, मोठं टेबल, आणि टेबलाला आपला पुंजा. ज्याला पावसाळ्यात खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत नेऊन सोडला, तो पुंजा. साहेब अजून यायचे होते. भाया धुळीच्या पायांनी सरळ टेबलापर्यंत गेले आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं कागदांवरच ठेवलं. “पुंजा, ढाळे आणलेत रे. आत्ताच उपटलेत.” हरभऱ्याचे हिरवे ढाळे, मातीसकट. वकील लोक हसले. त्यातल्या एकानं ह्यांना विचारलं, “कोण हो हे?”

आणि हे म्हणाले, “गावाकडचे आहेत.”

एवढंच. भायांनी साक्ष दिली. मग आमच्या खोलीवर आले. मी पदर घेऊन दाराआड झाले, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यांनी तो उचलला नाही. गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि चौकटीला म्हणाले, “सांगा, गावाकडचा माणूस येऊन गेला.” तेव्हा त्यांच्याजवळ हौशा नव्हता. चौकट होती.

त्या संध्याकाळी मी ढाळे भाजले. ह्यांनी खाल्ले. गोड आहेत म्हणाले. मी निरोप सांगितला. हे खातच राहिले, आणि पुढं कधी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मोठ्यानं रडणारं दुःख बरं असतं, त्याच्या अंगावर पांघरूण तरी घालता येतं. हे नुसतंच बसून राहिलं, दोन्ही घरांत, एकेका कोपऱ्यात.

ग्रामसभा दोन दिवसांवर आली आणि अण्णासाहेब आनंदानं ओट्यावर चढले. “निघाला मार्ग! नारळ मारुतीच्या पायाशी ठेवायचा, आणि तिथून तुम्ही उचलायचा. देव सगळ्यांच्याच घरचा थोरला. कोण न्हाई म्हणंल?”

गावाला तोडगा फार आवडला. कुणालाच काही बोलावं लागणार नव्हतं. अमरचंदशेटनी तर हाराची फुलंही आपल्याकडून सांगितली. पोलीस ठाण्यातून एक जमादार येणार होता; त्याच्या माहितीप्रमाणं आमच्या गल्लीत एकही तंटा नव्हता. खरंच नव्हता. कोर्टात दावा नाही, ठाण्यात तक्रार नाही. “आमचा तंटा नाही,” हे स्वतःच मागं कुणाला तरी म्हणाले होते, “आम्ही फक्त बोलत नाही.”

आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि जाऊबाई भिंतीपाशी. त्या पलीकडं शेंगा फोडत होत्या, मी अलीकडं तांदूळ निवडत होते. हे ओट्यावर. भाया गोठ्यात, हौशाला पेंड चारत.

“द्वारके, उद्या फेटा बांधणार का गं ते?” जाऊबाईंनी हळूच विचारलं.

“बांधतील. सकाळपासून दोनदा झटकून ठेवलाय.”

“शोभंल.” त्या शेंग फोडत राहिल्या. “आमच्या ह्यांना बांधता येतो फेटा चांगला. पुंजारामच्या लग्नात ह्यांनीच बांधला होता.”

“आठवतं ना मला. इतका घट्ट बांधला होता की नवरदेवाच्या भुवया वर गेल्या होत्या. मला वाटलं मला बघून दचकले.”

दोघी हसलो. मग दोघीही थांबलो, कारण गोठ्यात चारा खाण्याचा आवाज थांबला होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी पदर सावरला आणि भिंतीवरून म्हणाले, “हौशा, उद्या सकाळी पारापुढं ग्रामसभा आहे बरं का. नारळ घरातच आणून ठेवलाय.”

जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच. मग भायांचा आवाज आला, रागाचा नाही, अगदी रोजचा, कडब्याबद्दल बोलावं तसा.

“हौशा, विचार बरं त्यांना. गावाकडच्या माणसाच्या हातचा नारळ चालतो का?”

ओट्यावर खुर्ची वाजली. मी मागं बघितलं. हे उभे राहिले होते. मला वाटलं लिंबापाशी येतील, काहीतरी सांगतील. लिंबापर्यंत आलेही. खोडावर हात ठेवला. तोंड उघडलं. आणि परत फिरून घरात गेले.

जेवताना यांनी भाकरीचा तुकडा मोडला तो मोडूनच ठेवला.

“त्या गाठोड्याचं फडकं,” हे म्हणाले, “ते काय केलं गं आपण?”

मला कोणतं ते विचारावं लागलं नाही. “धुऊन जाऊबाईंना परत दिलं मी. पुढल्या सणाला गेले तेव्हा.”

“काही म्हणाल्या?”

“त्या काय म्हणणार? घडी करून ठेवलं.”

“ढाळे गोड होते,” हे म्हणाले.

“होय. तुम्ही तेव्हाही म्हणालात.”

मला जरा तिखटच बोलायचं होतं, आणि निघालं मऊ. असं माझं नेहमी होतं.

सकाळी पारापुढं सतरंज्या टाकल्या होत्या. बाया एका बाजूला, देवळाच्या सावलीत. मी आणि जाऊबाई शेजारी बसलो. जमादार मच्छिंद्र नावाचा, तरणा, नुकताच बदलून आलेला; त्याला गावात कोण कुणाचं ते काहीच ठाऊक नव्हतं. भाया सगळ्यांच्या मागं, पारापासून लांब, टेलिफोनच्या खांबाला टेकून बसले होते. येतील असं मला वाटलं नव्हतं. हातात चाबूक तसाच, जसं काही वाटेनं जाता जाता थांबलेत.

ह्यांचा फेटा जरा तिरपा बसला होता. जाऊबाईंनी ते बघितलं आणि मान खाली घातली.

अण्णासाहेबांनी मोहिमेची माहिती सांगितली. मग अमरचंदशेट उठले आणि म्हणाले, “माझं नाव ज्यांनी घेतलं त्यांचे उपकार. पण पुंजारामभाऊ असताना मी कशाला? माझं मत त्यांनाच.” टाळ्या पडल्या. भुजंगबाबांनीही वाजवल्या, त्या दिवशी त्यांना छान ऐकू येत होतं. अण्णासाहेबांनी नारळ मारुतीच्या पायाशी ठेवला, नमस्कार केला, आणि ह्यांना खूण केली.

हे पायऱ्या चढले. नारळ उचलला. गाव वाट बघत होतं. माझे हात आपोआप जुळले होते. मला आजही सांगायला लाज नाही वाटत, मी मारुतीला म्हणत होते, होऊन जाऊ दे बाबा, याचं एवढं होऊन जाऊ दे.

“तर मग पुंजाराम रखमाजी यांचं नाव सर्वानुमते अध्यक्षपदासाठी,” जमादार म्हणाला. “कुणाचा काही आक्षेप?”

ते विचारायची पद्धत असते म्हणून त्यानं विचारलं. लगेच पुढं बोलायला तोंडही उघडलं होतं.

“आहे,” हे म्हणाले.

जमादारानं इकडं तिकडं बघितलं. “कोण बोललं?”

“मी. माझाच आक्षेप आहे.” हे नारळ दोन्ही हातांत धरून उभे होते. “मला अध्यक्ष करू नका. माझ्या घरात तंटा आहे.”

अण्णासाहेब पुढं झाले. “अहो, ते मोरीचं… ते काय, मिस्त्री आला की…”

“मोरीचं नाही, अण्णासाहेब. तुम्हाला माहीत आहे.”

सगळे सतरंजीकडं बघत होते. अमरचंदशेट स्वतःच्या अंगठ्या फिरवत होते. भुजंगबाबांनी डोळे मिटून घेतले. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं, बांगड्यांसकट, इतकं घट्ट की एक बांगडी पिचली.

“तंटा कुणाशी आहे?” जमादारानं विचारलं. बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं तो काय विचारतोय.

हे पायऱ्या उतरले. माणसं बसल्या जागी सरकली, वाट झाली. हे खांबापाशी जाऊन थांबले. भाया उठले नाहीत. चाबकाच्या दोरीला गाठ मारत होते, ती सोडवत होते, परत मारत होते. दोघांमध्ये नारळ. दोघांचं नाक एकच, सासऱ्यांचं. लांबून जमादारालाही ते दिसलं असणार.

“हे बाबा कोण तुमचे?” तो म्हणाला.

इतकी वर्षं कोर्टात राहून ह्यांची बोली धुऊन स्वच्छ झाली होती, सगळं आहे आणि नाही. त्या क्षणी ती सगळी गेली. गल्लीतल्या पोरासारखा आवाज निघाला, आणि मोठा निघाला, पारावरच्या शेवटच्या माणसापर्यंत.

“माझा भाऊ हाय. सख्खा, थोरला. कोर्टात आल्ता ढाळे घेऊन, तव्हाबी माझा भाऊच होता, अन् मी न्हाई म्हणालो.”